पेशीतला गुळव्या

उंब्रजजवळ तारळी कृष्णेला मिळते. या काठाला ऊसतोड सुरू झाली की गुऱ्हाळंही पेटतात. चुलवाणावर काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी काढून झालेली असते, आणि सगळ्यांची नजर गुळव्यावर असते. तो फावडं वर उचलतो आणि कडेवरून पाक कसा ओघळतो ते बघतो. मग चमचाभर पाक गार पाण्याच्या वाटीत सोडतो, बोटांनी वळतो. गोळी धरली की म्हणतो, "आला, उतरा." काकवी करायची तर पाक 105 अंशांच्या आसपास उतरवायचा, ढेपेचा गूळ हवा तर 118 च्या. पण बहुतेक गुळव्यांना थर्मामीटर लागत नाही. ते दाटपणा बघतात.

जिवंत पेशीचा दाटपणा असाच बघायचा झाला तर? पेशी मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी. तिच्यात फावडं घालता येत नाही, वाटीत पाडून गोळीही वळता येत नाही. फोडून मोजावं, तर जे मोजायचं तेच संपतं. मोजायचं मात्र असतं, कारण पेशीतली बरीचशी ये-जा वाहत, पसरत होते. द्रव दाट झाला की रेणूंची भेट लांबते, रासायनिक कामं रेंगाळतात. पेशीच्या आवरणाचा दाटपणा बदलण्याचा संबंध मधुमेह, रक्तवाहिन्या कडक होणं, अल्झायमर अशा दुखण्यांशी लावला गेला आहे. त्यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा वाद वेगळा.

यावर रसायनशास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती म्हणजे 'मॉलिक्युलर रोटर', फिरता रेणू. हे फ्लुओरेसन्सचे रंग. त्यांच्यावर एका रंगाचा प्रकाश टाकला की ते दुसऱ्या, जरा उतरत्या रंगाचा प्रकाश परत देतात. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली नोटेतले धागे चमकतात, ते याच गुणानं. रोटरमध्ये एक जास्तीची खोड असते. त्याचे दोन तुकडे एकाच बंधानं जोडलेले असतात, दारावर बिजागरी असावी तसे. बऱ्याच रोटरांत एक तुकडा इलेक्ट्रॉन देणारा असतो, दुसरा घेणारा. प्रकाश गिळला की रेणूजवळ ऊर्जा येते, आणि ती टाकायला दोन वाटा असतात. एक, ती प्रकाश म्हणून बाहेर सोडायची. दुसरी, बिजागरीवर गर्रकन वळून ती उष्णतेत घालवायची. पातळ द्रवात वळायला आडकाठी नसते, म्हणून रेणू वळतो आणि अंधारच राहतो. दाट द्रवात बिजागरी अडते. मग प्रकाश सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दाटपणा जितका जास्त, तितका रेणू उजळ. एवढंच यंत्र, त्याला ना तार ना काटा.

योगायोग असा की या यंत्राच्या दोन्ही टोकांना एकच माणूस उभा आहे. दाट द्रवातून पडणाऱ्या गोळीचा नियम जॉर्ज स्टोक्सनं 1851 च्या सुमारास मांडला, आणि 'फ्लुओरेसन्स' हा शब्दही त्यानंच 1852 मध्ये दिला. दोन्ही गोष्टींची रीतसर गाठ पडायला मात्र शंभरावर वर्षं गेली. 1971 मध्ये फोर्स्टर आणि हॉफमन यांनी दाखवलं, की चमक आणि दाटपणा दोन्ही लॉगच्या मापात मांडले की सरळ रेषा मिळते. त्यांनी अभ्यासलेल्या रंगांचं घराणं आपल्या ओळखीचं आहे. तोंड आलं की आरोग्य केंद्रात जांभळं औषध लावत, ते जेन्शन व्हायोलेट याच घराण्यातलं. जिभेवर दोन दिवस टिकणाऱ्या त्या डागात एक मोजमापाचं यंत्र दडलेलं आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

महाराष्ट्रात या कामाला जुनी बैठक आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, 1933 मध्ये निघाला तो मुख्यतः कापड गिरण्यांच्या शहरासाठी. तिथले पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरचा ग्रंथ 1952 पासून जगभर वापरला गेला. हीच संस्था आज माटुंग्याची आयसीटी. तिथल्या रंगविभागात एन. सेकर यांच्या गटानं दाटपणा ओळखणाऱ्या रोटरांवर बरंच काम केलं आहे. लुगड्याला पक्का बसणारा रंग करणारी विद्या आता पेशीत न बसता फिरत राहणारा रंग करते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात थायोफ्लेविन-टी या रंगावर काम झालं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांच्या धाग्यांना हा रंग चिकटला की लखलखतो. मोकळा असताना त्याची बिजागरी सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी वेळात वळून जाते. धाग्यात अडकली की वळता येत नाही. ते वळणं तिथल्या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान लेसरनं टिपलं.

आता खरी अडचण. सूक्ष्मदर्शकात एक कोपरा जास्त उजळ दिसला, तर तो दाट आहे म्हणून, की तिथं रंगच जास्त साचला म्हणून? नुसत्या चमकेवरून सांगता येत नाही. त्यावरचा एक उपाय म्हणजे चमक मोजायची सोडून वेळ मोजायचा. प्रकाश गिळल्यापासून सोडेपर्यंत रेणू किती थांबतो, हे तिथं दहा रेणू आहेत की दहा हजार, यावर सहसा अवलंबून नसतं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात मरीना कुइमोव्हा आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये बॉडिपी जातीच्या रोटरवर हेच केलं. दाटपणा 28 सेंटिपॉइजवरून 950 वर नेला तेव्हा थांबण्याचा वेळ 0.7 नॅनोसेकंदावरून 3.8 वर गेला. साध्या पाण्याचा दाटपणा साधारण 1 सेंटिपॉइज असतो. कर्करोगाच्या जिवंत पेशीत हा रंग ज्या कप्प्यांत जाऊन बसला, तिथं त्यांना सुमारे 140 मिळाले. पुढच्या वर्षी, प्रकाशानं मारल्या जाणाऱ्या पेशीत दाटपणा मरता मरता कित्येक पटींनी चढतो, हेही रोटरनंच दाखवलं. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं काम हेच.

रंग पेशीत सोडला की तो मनाला येईल तिथं जातो, म्हणून त्याला पत्ता द्यावा लागतो. मायटोकॉन्ड्रियात पाठवायचा तर धन प्रभाराचं शेपूट जोडतात, कारण मायटोकॉन्ड्रियाचा आतला भाग ऋण असतो. लायसोसोमसाठी आम्लात अडकणारा मॉर्फोलिनचा तुकडा लावतात. पण शेपूट जड झालं की बिजागरीचीच चाल बदलते, आणि पुन्हा पहिल्यापासून. मिथेनॉल-ग्लिसरीनची मिश्रणं करायची, आलेख काढायचा, रेषा सरळ येते का ते बघायचं.

ही रेषा फसवूही शकते. कशी, ते घरी बघता येईल. चिमूटभर सांगलीची हळद घ्या. थोडी पाण्यात, थोडी तेलात, थोडी स्पिरिटमध्ये कालवा. स्पिरिट चुलीपासून लांब ठेवा. अंधारात नोटा तपासायचा दिवा धरा. डोळ्यांवर मात्र धरू नका. पाण्यात जवळजवळ काहीच चमकणार नाही. तेलात हिरवट पिवळी चमक येईल, आणि वाटेल की दाटपणानंच आली. मग स्पिरिटकडे बघा. ते जवळजवळ पाण्याइतकंच पातळ, तरी लखलखतंय. म्हणजे ही करामत दाटपणाची नव्हे, भोवतालच्या द्रवाच्या स्वभावाची. पेशीत तर पाणी आणि चरबी शेजारी शेजारी असतात. म्हणून नवा रोटर सारख्याच दाटपणाच्या पण वेगळ्या स्वभावाच्या द्रवांत तपासून घ्यावा लागतो. ज्या शोधनिबंधात ही परीक्षा दिसत नाही, त्यातला दाटपणाचा आकडा मी धरत नाही.