लेखांक सातवा : विलंब आणि निग्रह

मृग कोरडा जाऊन आर्द्राही तशीच सरू लागली, म्हणजे गेवराई-शिरूरकडचा शेतकरी 'पावसानं ओढ दिली' असे म्हणतो; नेमक्या याच स्थितीला इंग्रज 'द रेन हेल्ड ऑफ' असे म्हणतो खरा, परंतु त्याच्या मुखातून ते वाक्य बहुधा समाधानाने निघते, कारण त्याच्या मुलखात पाऊस दूर राहिला म्हणजे क्रिकेटचा सामना निर्वेध पार पडला. बीडच्या विद्यार्थ्याने हे वाक्य दुष्काळाच्या निबंधात घातले, तर व्याकरण शुद्ध राहूनही भाव विपरीत होण्याचा संभव आहे; तेथे 'द रेन्स फेल्ड' हेच म्हणावे.

'होल्ड' म्हणजे धरणे. परंतु धरून काय केले, हे सांगण्याचा अधिकार त्यामागून येणाऱ्या लहानशा अव्ययाकडे असतो. सिंदफणेवरील माजलगावच्या धरणाने पाणी अडविले की ते 'होल्ड बॅक', आणि डोळ्यांत आलेले अश्रू, ओठांवर आलेला राग किंवा साक्षीदाराने दडवून ठेवलेली हकीकत यांनाही हेच लागू. कारण जे पुढे येऊ पाहत होते, ते येथे मागे रोखले गेले. उलट मांजरसुंब्याच्या घाटात मालमोटार बंद पडून एस.टी. खोळंबली, तर ती 'हेल्ड अप' झाली. तेथे कोणाचा निग्रह नाही, केवळ खोळंबा आहे. एखादा निर्णय घेण्याचे आपण होऊन लांबविले, तर मात्र पुन्हा 'होल्ड ऑफ'.

आता 'पुट ऑफ'. 1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या अमलात होता व दफ्तर उर्दूत चाले. 'मुलतवी', 'तहकूब', 'मोहलत' हे शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी त्यामुळेच अधिक रुळले. पेशी मुलतवी झाली म्हणजे 'पुट ऑफ', कारण ती पुढे व्हावयाची आहे; सभा रद्दच झाली म्हणजे 'कॉल ऑफ'. दोहोंत 'ऑफ' असल्याने विद्यार्थी हमखास फसतात, आणि गाइडातील याद्या घोकून हा घोटाळा वाढतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

रचनेचे दोन नियम मात्र कंठस्थ असावेत. सर्वनाम आले की ते मध्येच बसते: 'पुट इट ऑफ', कधीही 'पुट ऑफ इट' नव्हे. दुसरे असे की 'पुट ऑफ'पुढे क्रियापद आल्यास ते 'इंग'कारान्त हवे: पेरणी लांबणीवर टाकली, तर 'ही पुट ऑफ सोइंग', 'टू सो' नव्हे. तहसील कचेरीत अथवा न्यायालयात द्यावयाच्या अर्जात मात्र ही बोलीची रूपे टाळून 'पोस्टपोन' वा 'अॅडजर्न' हीच योजावीत.

वाचकांनी 'होल्ड बॅक', 'होल्ड अप', 'होल्ड ऑफ', 'पुट ऑफ' व 'कॉल ऑफ' यांचे प्रत्येकी एक वाक्य आपल्या गावच्या प्रसंगावरून रचून पाहावे. 'ऑन' या अव्ययाचा विचार पुढील लेखांकात करू.