कायमचा पत्ता

निताशा कौल यांचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, मे २०२५ मध्ये रद्द झालं आणि आमच्या पत्रावरच्या सह्या गळायला लागल्या. कौल लंडनमध्ये शिकवतात, मूळच्या काश्मिरी. आदल्या वर्षी कर्नाटक सरकारच्याच निमंत्रणावरून त्या बंगळूरला उतरल्या आणि विमानतळावरूनच त्यांना परत पाठवलं गेलं. आमचं पत्र काश्मीरबद्दल नव्हतं. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल होतं. तरीही "माझं नाव सगळ्यात वर घाल" म्हणणाऱ्यांचेच फोन आले. एकाची आई ऐंशीच्या पुढची, अंबाजोगाईला एकटी. "मला येऊ दिलं नाही तर तिला अग्नी कोण देणार गं?" त्यानं विचारलं. मी त्याचं नाव काढलं. माझा राग त्याच्यावर नाही. ज्यांनी त्याच्यावर ही निवड लादली, त्यांच्यावर आहे.

परदेशात राहून मायदेशातल्या अन्यायाची तक्रार करणं आपल्याकडे कधी गुन्हा नव्हता. १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्यानुसार पीडिताच्या वतीनं कोणीही राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करू शकतं. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिली तरी चालते. ही वाट न्यायालयांनी आधीच रुळवली होती. डी. के. बसू यांनी १९८६ साली सरन्यायाधीशांना कोठडीतल्या मृत्यूंबद्दल पत्र लिहिलं. त्या पत्रातून दहा वर्षांनी अटकेचे नियम आले. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईनं मुलाबद्दल लिहिलेलं पत्रच न्यायालयानं याचिका मानलं आणि तिला दीड लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. नव्वदचं दशक मी इथे, इंग्लंडात, पाय रोवण्यात घालवलं. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पण जसवंतसिंग खालरा विसरता येत नाहीत. पंजाबात बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांच्या नोंदी त्यांनी स्मशानांतून शोधल्या आणि १९९५ मध्ये कॅनडाला जाऊन सांगितल्या. ते परत आले. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला अमृतसरमधल्या घराजवळून पोलिसांनी त्यांना उचललं.

माझं तक्रारींचं दशक सुरू झालं २००३ मध्ये, ख्वाजा युनूसपासून. परभणीचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, दुबईत नोकरीला असलेला इंजिनिअर. घाटकोपरच्या बसमधल्या स्फोटानंतर डिसेंबर २००२ मध्ये त्याला अटक झाली. जानेवारीत पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. बरोबरच्या आरोपीनं न्यायालयात सांगितलं की त्याला मारताना, रक्त ओकताना आपण पाहिलं. मृतदेह कधीच मिळाला नाही. पुढे घाटकोपर खटल्यातले बाकीचे आरोपी निर्दोष सुटले.

आमच्या गावचा मुलगा होता म्हणून आम्ही परदेशातले काही परभणीकर एकत्र आलो. लीड्समधली एक नर्स, शारजातला एक औषधविक्रेता, असेच आणखी काही. रात्री फोनवर मजकूर ठरायचा, मी फेअर करायची. आयोगाकडून उत्तर आलं: प्रकरण न्यायप्रविष्ट, दखल घेता येत नाही. नियम तसाच आहे, ते आम्ही समजून घेतलं. मग आम्ही ज्यांचं काहीच न्यायप्रविष्ट नव्हतं, त्यांच्याकडे वळलो. आणि ते मुख्यतः पारधी होते. १९५२ मध्ये 'गुन्हेगार जमाती' हा शिक्का कायद्यानं पुसला, पण तालुक्यात चोरी झाली की आधी पालावरच गाडी जाते. आयोगानंच २००० मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करा म्हणून शिफारस केली होती, त्यामुळे आम्हाला आशा होती.

एका पारधी मुलाच्या मारहाणीची तक्रार आम्ही केली. तिचं काय झालं ते सविस्तर सांगते, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. आयोग ज्याच्यावर आरोप त्याच खात्याकडून अहवाल मागवतो. अहवाल तक्रारदाराला पाठवतो आणि काही आठवड्यांत म्हणणं मागतो. म्हणणं आलं नाही तर प्रकरण मिटतं. आमच्या वेळी हे कागद टपालानं यायचे. माझ्या हाती पाकीट पडलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. पुन्हा लिहावं, तर घटनेला एक वर्ष झालं की आयोगाचे हात बांधलेले. माहिती अधिकारात स्टेशन डायरी मागावी, तर अर्जाची फी दहा रुपये, पण त्यासाठीचा कोर्ट फी स्टॅम्प इंग्लंडात मिळत नसे. केंद्रानं २०१३ मध्ये परदेशातल्या भारतीयांसाठी ऑनलाइन पोस्टल ऑर्डर काढली. राज्याच्या पोलीस ठाण्याला तिचा काय उपयोग? आणि ब्रिटिश पासपोर्ट घेतला की तो अधिकारच गेला, कारण तो फक्त नागरिकांना आहे.

पाकीट उशिरा आलं; पोलीस शिपाई मात्र वेळेवर आला. फॉर्मवरच्या कायमच्या पत्त्यावर, म्हणजे आमच्या घरी. "मावशी, तुमची मुलगी तिकडून आमच्या साहेबांवर लिहिते म्हणे," इतकंच बोलला. चहा घेऊन गेला. आईनं फोनवर सांगितलं, "लिहायचं ते लिही. पण आपल्या गल्लीनं आता माझ्याशी बोलायचं कमी केलंय, हे तुला ठाऊक असू दे." ती सहा मैलांवरच्या पालावर स्वतः धान्य घेऊन जाणारी बाई होती. तिला गप्प करणं एका चहाइतकं सोपं होतं, याचा संताप अजून ओसरलेला नाही.

इथल्या मराठी मंडळानं काय केलं, तेही नोंदवून ठेवते. गणपतीत सह्यांचा कागद ठेवायला आम्ही टेबल मागितलं. देशाची बदनामी नको, म्हणून नाकारलं. त्याच लोकांनी २००६ मध्ये खैरलांजीच्या हत्याकांडाबद्दलही तेच उत्तर दिलं. भोतमांगे कुटुंबासाठी इथे रस्त्यावर उभे राहिले ते आंबेडकरी मंडळी. त्यांच्याबरोबर थंडीत उभं राहताना मला प्रथमच वाटलं की आपण एकटे नाही.

तो गट मग विरत गेला. नर्स वारली, शारजावाला भारतात परतला. युनूस प्रकरणात निलंबित झालेले चार पोलीस २०२० मध्ये सेवेत परत घेतले गेले, त्या दिवशी आम्ही उरलेल्यांनी एकमेकांना फोनसुद्धा केला नाही.

आणि मग पुन्हा परभणी. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढल्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड, बंद, धरपकड. १५ तारखेला सोमनाथ न्यायालयीन कोठडीत वारला. वडार समाजाचा, कायद्याचा विद्यार्थी. त्या दिवशी राष्ट्रीय आयोगाला पूर्णवेळ अध्यक्षसुद्धा नव्हता. जूनपासून खुर्ची रिकामी होती. सोमनाथच्या आईनं, विजयाबाईंनी, सरकारची मदत नाकारली आणि उच्च न्यायालयात गेल्या. जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. युनूसच्या आईनं, आसिया बेगम यांनी, त्याच्यासाठी वर्षानुवर्षं जे केलं, तेच विजयाबाई करत आहेत. एकाच गावानं जोडलेल्या दोन आया.

त्यांच्या पाठीशी दुरून उभं राहण्याची सोय मात्र आधीपेक्षा कमी झाली आहे. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात फिर्याद ऑनलाइन देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते. बर्मिंगहॅमहून परभणीच्या ठाण्यात तीन दिवसांत कोण पोहोचणार? ओसीआय रद्द करायला २०१९ च्या दुरुस्तीनुसार केंद्रानं अधिसूचित केलेल्या कुठल्याही कायद्याचा भंग पुरतो. स्वीडनमधले प्राध्यापक अशोक स्वैन यांचं कार्ड कारणं न देता रद्द केलं म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्दबातल ठरवला, तर काही दिवसांत दुसरा आदेश निघाला. हे वाचलेला माणूस सही कशी करेल?

माझी मागणी साधी आहे. तक्रारीवरची सही वकिलातीत करता यावी आणि ती ठाण्यात केल्यासारखीच धरावी. आयोगाची मुदत कागद हाती पडल्यापासून मोजावी. तक्रारदाराच्या गावच्या घरी पोलीस पाठवण्यास आयोगानं लेखी मनाई करावी. आणि भारतातल्या कायद्यानं नेमलेल्या आयोगाकडे तक्रार केली, या कारणावरून कोणाचंही ओसीआय काढू नये. सोमनाथबद्दलचं आमचं पत्र गेलं आहे. सह्या थोड्या आहेत. त्यात माझी, पूर्ण नावानिशी, परभणीच्या पत्त्यासकट आहे.