उन्हाळ्याची सुट्टी आणि परदेशचा तुरुंग

'उन्हाळ्याची सुट्टी तुम्हीं कशी घालविली?' हा निबंध आम्हीं आमच्या मास्तरकींत किती मुलांकडून लिहवून घेतला असेल, याची गणती नाहीं. मामाचें गांव, आंब्याची अढी, विहिरींतील पोहणें, आणि शेवटीं 'अशा रीतीनें सुट्टी आनंदांत गेली' हें ठरलेलें वाक्य! तेव्हां 'आजोबा, तुमच्या निबंधाच्या नांवाचा एक इंग्रजी चित्रपट आहे,' असें नातवानें सांगतांच आम्हांस कुतूहल वाटलें आणि आम्ही चष्मा पुसून पाहावयास बसलों. पाहतों तों काय, यांतील सुट्टी गेली ती मेक्सिको देशांतील एका तुरुंगांत!

हा चित्रपट 2012 सालचा. त्याचें पहिलें नांव वरील निबंधाचेंच; पुढें अमेरिकेंत तो 'गेट द ग्रिंगो' या नांवानें प्रसिद्ध झाला. 'ग्रिंगो' हा शब्द मेक्सिकोकडील लोक परक्याला, विशेषतः अमेरिकन मनुष्याला, उद्देशून वापरतात. त्यांत आदराचा अंश फारसा नसतो. दिग्दर्शक एड्रियन ग्रुनबर्ग असून नायकाची भूमिका मेल गिब्सन या नामांकित नटानें केली आहे. नायकाला खरें नांवच नाहीं; तो नुसता 'ड्रायव्हर'. विदूषकाचें सोंग घेऊन लाखों डॉलर लांबविलेला हा गृहस्थ, पोलिसांचा ससेमिरा पाठीशीं असतां, मोटार सरहद्दीचें कुंपण फोडून पलीकडे घालतो. मेक्सिकोचे पोलीस त्याचें मोठ्या अगत्यानें स्वागत करतात: त्याला तुरुंगासाठीं ठेवून घेतात, आणि पैसा स्वतःसाठीं!

तिहुआना शहरांतील हा तुरुंग म्हणजे आपल्या कल्पनेंतील गजांच्या कोठड्या नव्हेत. आंत दुकानें आहेत, खाणावळी आहेत, बायकामुलें आहेत. मादक पदार्थहि राजरोस मिळतात. पैसा असेल त्याला घर, नसेल त्याला उघडी फरशी. दंडशक्ति लोपली म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो. यालाच आपल्या शास्त्रकारांनीं मात्स्यन्याय म्हटलें आहे. येथें चमत्कार असा कीं, दंड देण्यासाठींच बांधलेल्या वास्तूंत हा न्याय सुखेनैव नांदतो. राज्य चालतें तें अधिकाऱ्यांचें नव्हे, हावी नांवाच्या एका कैद्याचें. आपला नायक तेथें टिकतो तो मुख्यतः निरीक्षणाच्या बळावर. पैसा कोठून येतो, कोठें मोजला जातो, कोण कोणाला भितो, हें सारें तो थोड्याच दिवसांत हेरतो. मागच्या बांकावरचे हुशार पण उनाड असे आमचे कांहीं विद्यार्थी आम्हांस त्या वेळीं आठवले.

परंतु चित्रपटाचा जीव आहे तो एका सुमारें दहा वर्षांच्या मुलांत. हा मुलगा आईबरोबर त्या तुरुंगांतच राहतो आणि बिड्या फुंकाव्या तशा सिगारेटी फुंकतो. सर्व कैदी त्याला जपतात. त्याच्या केसालाहि धक्का लागूं देत नाहींत. असें कां, हें कळतें तेव्हां अंगावर कांटा उभा राहतो. हावीचें यकृत निकामी झालें आहे, आणि त्याच्या दुर्मिळ रक्तगटाशीं या मुलाचें रक्त जुळतें. मुलाचा बाप याच कारणानें अगोदर बळी गेला आहे. बळीच्या बोकडाला हिरवा पाला घालावा, तशी ही जपणूक! चोर असलेला नायक येथून पुढें आपला जीव धोक्यांत घालून त्या पोराला वांचवितो. त्यांतील गोळीबार व रक्तपात आम्हांस रुचला नाहीं. घरांतील लहान मुलांसमोर हा चित्रपट लावूं नये, असें आम्ही स्पष्टपणें सांगतों. नायकाचे हातहि कांहीं स्वच्छ नाहींत. तरी शेवट पाहून समाधान वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

मुलाबाळांनीं भरलेला तुरुंग ही लेखकाची कल्पना असावी, अशी आमची समजूत होती. ती खोटी ठरली. तिहुआना येथील 'ला मेसा' तुरुंगांत अशी वसाहत खरोखरच होती. तिला 'एल प्वेब्लितो', म्हणजे 'लहानसें खेडें', म्हणत. बंद्यांनीं बांधलेल्या खोल्यांचा तेथें खरेदीविक्रीचा व्यवहार चाले, आणि कित्येकांचे संसार भिंतींच्या आंतच थाटलेले असत. 2002 सालच्या ऑगस्ट महिन्यांत सरकारनें बंदोबस्त घालून ही वसाहत जमीनदोस्त केली आणि शेंकडों बंद्यांना दुसऱ्या तुरुंगांत हलविलें. त्यामुळें चित्रपटाचें चित्रण तेथें होणें शक्य नव्हतें. तें व्हेराक्रूझ येथील एका जुन्या तुरुंगांत झालें.

याच ला मेसांत आणखी एक 'ग्रिंगो' राहत होती, आणि तिची हकीकत आम्हांस चित्रपटाहून मोलाची वाटते. मेरी क्लार्क ही लॉस एंजेलिसच्या एका सधन घराण्यांतील बाई, 1926 सालीं जन्मलेली. दोन विवाह मोडले. सात मुलें वाढविलीं. देणग्यांचें सामान घेऊन ती त्या तुरुंगांत जात येत असे. मुलें मोठीं झाल्यावर, 1977 सालीं, वयाच्या पन्नाशींत, ती तेथेंच एका लहानशा कोठडींत राहावयास गेली. जोगिणीचीं वस्त्रें तिनें स्वतःच्या हातांनीं शिवलीं. तीस वर्षांहून अधिक काळ ती बंद्यांच्या शेजारीं राहिली. तिनें त्यांना औषधें दिलीं, मेलेल्यांना मूठमाती मिळवून दिली, आणि दंगलीच्या वेळीं गोळ्या सुटत असतां मध्यें जाऊन उभी राहिली. मदर अँटोनिया या नांवानें ती प्रसिद्ध झाली. पण कैदी व पहारेकरी दोघेहि तिला 'मामा' म्हणत. स्पॅनिश भाषेंत 'मामा' म्हणजे आई! 2013 सालीं ती वारली. नायकाला परदेशचा तुरुंग नशिबानें मिळाला; या बाईनें तो आपण होऊन पत्करला.

आतां खरा प्रश्न. बाप तुरुंगांत गेला तर मुलानें कोठें वाढावें? 2002 साली वसाहत पाडली हें योग्यच झालें, असें प्रथम वाटतें. पण त्याच दिवशीं कित्येक घरें दुभंगलीं, हेंहि विसरतां येत नाहीं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें 2006 सालीं ठरवून दिलें आहे कीं, बंदी आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंतच ठेवावें. याउलट आटपाडीनजीक औंध संस्थानानें 1939 सालीं 'स्वतंत्रपूर' ही खुली वसाहत काढली. तेथें भिंत नाहीं. बंदी शेती करतात व कुटुंबासह राहूं शकतात. शांतारामबापूंच्या 'दो आंखें बारह हाथ' या 1957 सालच्या चित्रपटाचें मूळ याच प्रयोगांत सांपडतें. म्हणजे कुटुंब जवळ असणें वाईट नव्हे. तें कोणाच्या राज्यांत असतें, यावर सारें अवलंबून आहे.

भगवान श्रीकृष्णाचा जन्म बंदिशाळेंतच झाला. पण वसुदेवानें त्याच रात्रीं, भर पावसांत, यमुनेचा पूर तुडवीत त्याला गोकुळांत पोंचविलें. स्वतः मात्र तो परत येऊन बेड्यांत बसला. मूल आधीं बाहेर, आपण मागाहून, हा बापाचा धर्म आहे. त्या चित्रपटांतील चोरालाहि तो उमगला.

चित्रपट संपल्यावर नातवानें विचारलें, 'आजोबा, या निबंधाला किती गुण?' आम्ही म्हणालों, 'शुद्धलेखनाला शून्य. पण शेवटच्या परिच्छेदाला पैकीच्या पैकीं.'