सांघिक उत्पादनलक्ष्य

परस्परांवर अवलंबून असलेली कामे करणाऱ्या गटाने ठरावीक मुदतीत मिळून साधावयाचे उत्पादनाचे परिमाण व त्याची प्रत. लक्ष्य ठरविणे, प्रगतीची नोंद ठेवणे व त्या नोंदीवरून कामात फेरबदल करणे, ही सर्व अंगे यात येतात. उद्दिष्टानुवर्ती व्यवस्थापनाची कल्पना पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडली. कापडधंद्यात मात्र उत्पादन मोजून मजुरी देण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात या रीतीचे गुण व उणिवा दोन्ही दिसून येतात.

यंत्रमागाचे लक्ष्य त्याच्या गतीवरून काढतात. मिनिटाला १६० आडवे धागे (पिक) टाकणारा माग इंचास ६० पिकांचे कापड विणत असेल, तर अखंड चालल्यास १२ तासांच्या पाळीत सु. ४९ मी. कापड निघावे. प्रत्यक्षात ३७ मी. निघाल्यास कार्यक्षमता सु. ७५ टक्के भरते. उरलेले २५ टक्के कोठे गेले, हा खरा प्रश्न होय. ताण्याचे धागे तुटणे, कांडी संपणे, बीम बदलणे, मोडतोड व वीज जाणे ही त्याची नेहमीची कारणे. यांपैकी विणकराच्या हाती थोडीच असतात. सूत कमजोर असल्यास ते खरेदी करणाऱ्याकडे, कांडी सैल भरल्यास कांडीवाल्याकडे व मागाची जुळणी बिघडल्यास जॉबरकडे बोट जाते.

विणकराची मजुरी मात्र सामान्यतः विणलेल्या मीटरांवर ठरते आणि तो एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. मजुरीच्या हिशेबासाठी मेहता मीटर लिहितोच; माग किती वेळ व कशामुळे बंद होता, हे लिहिले नाही, तर इतरांच्या चुकीची व विजेच्या खंडाची किंमत विणकराच्या मजुरीतून वसूल होते. ती भरून काढण्यासाठी घाई केली, की तुटलेल्या धाग्याकडे दुर्लक्ष होते आणि कापडातील दोष पुढे घडी घालताना उघडकीस येतो. यावरून केवळ मीटरांचे लक्ष्य अपुरे असून, त्यास दोषांची व थांबण्याच्या कारणांची नोंद जोडणे आवश्यक ठरते. अशी नोंद साध्या वहीतही ठेवता येते.

लक्ष्य संपूर्ण गटाला दिल्यास काय घडते, याचा अभ्यास अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तेथे आले, तेव्हा स्वयंचलित मागांच्या एका खात्यात २२४ मागांवर २९ कामगार होते व त्यांचे काम बारा प्रकारांत विभागलेले होते. कोणत्या मागांची जबाबदारी कोणाची, हे त्यातून स्पष्ट होत नव्हते. ठरावीक मागांची सर्व कामे एकेका लहान गटाकडे सोपविल्यावर, सुरुवातीच्या अडचणींनंतर, कार्यक्षमता वाढली व खराब मालाचे प्रमाण घटले. गटांची रचना कामगारांनी स्वतःच सुचविली होती, हे विशेष. १९७० च्या सुमारास पुन्हा पाहणी केली असता एका खात्यात ही पद्धती बव्हंशी टिकून होती. इतरत्र जुनी घडी पुष्कळशी परतली होती.

गिरणीत एका छताखाली असलेले अधिकार भिवंडीत विखुरलेले असतात. सूत बहुधा व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचे व कामगार परप्रांतातून आलेले, असे असल्याने सामाईक लक्ष्य कोणाशी ठरवावे, हेच निश्चित नसते. उत्पादनाशी निगडित बोनस देण्याची तरतूद १९७६ मध्ये बोनस अधिनियमात कलम ३१ क घालून करण्यात आली. तथापि लहान कारखान्यांना तिचा उपयोग मर्यादितच होता.

वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाल्यानंतर शहराभोवतीच्या गोदामांचा विस्तार वेगाने झाला. तेथे प्रत्येक वस्तू उचलल्याची नोंद हातातील यंत्र आपोआप करते. मोजणी त्यामुळे अचूक झाली. पण मांडणीतून माल न सापडल्याने गेलेला वेळ कोणाच्या खात्यावर घालावा, हा यंत्रमागाचाच प्रश्न तेथेही उद्‌भवतो.