पाटी बदला, वाट तीच ठेवा

आमच्या वाचनालयाचं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा त्याच्या माथ्यावर चार शब्द होते : होम, अबाऊट, कॅटलॉग, लॉगिन. आमचे एक सभासद, निवृत्त गुरुजी, म्हणाले, ‘‘अहो, यातलं पुस्तकांचं दार कुठलं?’’ कविता लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न झोंबला. शब्द चुकला की वाचक दारातूनच परततो.

आमचं संकेतस्थळ वर्डप्रेस या २००३ साली आलेल्या मोफत प्रणालीवर चालतं. त्यात मजकूर वेगळा राहतो आणि त्याचं रूप ‘थीम’ ठरवते. माथ्यावरच्या दुव्यांच्या ओळीला मेनू म्हणतात. नुसतं नाव बदलायला कोड लागत नाही. व्यवस्थापकाच्या खात्यातून मेनू उघडायचा, ‘कॅटलॉग’ खोडून ‘पुस्तकं शोधा’ लिहायचं. पाटी बदलते, पानाचा पत्ता तोच राहतो.

कोड लागतो तो पाटी माणसागणिक बदलायची असेल तेव्हा. पाहुण्याला ‘सभासद प्रवेश’ दिसावं आणि आत आलेल्या सभासदाला त्याच जागी ‘माझी पुस्तकं’. यासाठी २०१५ सालच्या ४.४ आवृत्तीत एक खास ‘फिल्टर’ आला. मेनूतलं प्रत्येक नाव पडद्यावर जाण्याआधी आपण लिहिलेल्या फंक्शनच्या हाती येतं. ते दुवा ओळखतं, सभासद आत आहे का बघतं, गरज असेल तर नाव बदलतं आणि परत देतं. परत द्यायला विसरलात तर पाट्या कोऱ्या! दुवा ओळखायचा तो मात्र त्याच्या क्रमांकावरून. नाव उद्या कुणीही बदलेल.

आता माझी चूक. या चार ओळी मी थेट मूळ थीमच्या फाइलीत लिहिल्या. पुढे थीमची नवी आवृत्ती आली, जुन्या फाइलीच्या जागी नवी बसली आणि माझ्या ओळी गेल्या. दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली कविता आपल्याजवळ राहील कशी? मग ‘चाइल्ड थीम’ केली. ती रूप मूळ थीमचं घेते, पण आपल्या दुरुस्त्या स्वतःच्या फाइलीत जपते. २०२२ पासून आलेल्या ब्लॉक थीममध्ये मात्र मेनू वेगळ्या रीतीनं बनतो. तिथं हा फिल्टर सहसा लागू पडत नाही.

गुरुजी आता कुणाला विचारत नाहीत. ‘माझी पुस्तकं’वर बोट ठेवतात आणि कुठलं पुस्तक परत करायचं राहिलंय, ते स्वतःच सांगतात.