म्हणींच्या जन्मकथा : जमा किती, बुडीत किती?

खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाचे सैन्य या अरुंद वाटेत कोंडले आणि त्याला सामानसुमान टाकून परत फिरावयास लावले. एवढ्या मोठ्या विजयावरची म्हण आज सहसा कानी पडत नाही. याउलट त्यानंतर शंभर वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पराभवावरून ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार घरोघर पोहोचला. भाषा इतिहासाची नोंद ठेवते, परंतु ती आपल्या मर्जीने ठेवते. म्हणून म्हणींमागे सांगितल्या जाणाऱ्या कथा, व्यापारी अनोळखी हुंडी पारखतो तशा पारखून घ्याव्या लागतात.

पानिपताशीच जोडलेला दुसरा वाक्प्रचार म्हणजे ‘संक्रांत कोसळणे’. ती लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली, म्हणून मोठ्या संकटाला संक्रांत म्हणू लागले, असे सांगतात. ही कथा गणितात टिकत नाही. इंग्रजी दिनांकाच्या हिशेबाने मकरसंक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली संक्रांतीच्या दिवशी झाला, तेव्हा दिनांक १२ जानेवारी होता. त्याच हिशेबाने १७६१ साली संक्रांत ९-१० जानेवारीच्या सुमारास येते. म्हणजे लढाईपूर्वीच ती होऊन गेली होती. या वाक्प्रचाराचे अधिक सरळ मूळ पंचांगात दिसते. संक्रांतदेवीचे वाहन, वस्त्र, अलंकार आणि भक्ष्य यांचे फल त्यात दिलेले असते. ज्या वस्तूंचा ती स्वीकार करते त्या महाग होतात किंवा नाश पावतात, ही समजूत पेढीवरच्या जुन्या मंडळींना परिचित आहे.

बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीत महादेवाचे मंदिर आणि तळे आहे. ती दोन्ही नाना फडणविसांनी बांधविली. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथरावांच्या विरोधात जे बारभाई एकत्र आले, त्यांत नाना प्रमुख होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या त्या खुनाने मराठीला ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार दिला. रघुनाथरावांनी ‘धरावे’ असे लिहिले आणि आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, अशी ही कथा आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरविले, हे प्रसिद्धच आहे. अक्षर बदललेला तो कागद मात्र आज कोणाच्या हाती नाही. खून घडला हे खरे आणि त्यामागे कट होता हेही खरे. आनंदीबाईंच्या लेखणीची गोष्ट तेवढी ऐकीव राहते. तरीही अडीचशे वर्षे त्या एका स्त्रीचे नाव या एका अक्षराशी जखडलेले आहे. म्हणीची कथा म्हणजे केवळ करमणूक नव्हे, हे येथे लक्षात येते. पुराव्यावाचून मांडलेली रक्कम कोणाच्या तरी नावे पडत असते.

काही कथा अर्ध्या जमेच्या असतात. ‘दिवाळे’ हा शब्द ‘दिवा’वरून आला, असे म्हणतात. कंपनी सरकारच्या काळात रॉबर्ट ड्रमंड यांनी गुजराती व मराठी भाषांवरील आपला ग्रंथ १८०८ साली प्रसिद्ध केला. बुडालेला व्यापारी घरात किंवा दुकानात दिवा पेटवून ठेवी आणि हिशेब पुढे येऊन देणेकऱ्यांचे समाधान होईपर्यंत दूर राही, अशी चाल त्यात नोंदविली आहे. चालीला असा लेखी आधार आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. इंग्रजीतील ‘बँकरप्ट’चीही स्थिती अशीच आहे. त्याचे मूळ ‘मोडलेले बाक’ या अर्थाच्या इटालियन शब्दांत आहे. तथापि बुडालेल्या सराफाचे बाक लोक खरोखरच फोडीत असत, या कथेला तितका भक्कम आधार नाही.

‘धरणे धरणे’ची नोंद पूर्ण जमेची आहे. आज हा शब्द आंदोलनासाठी वापरतात. पूर्वी धनको ऋणकोच्या दारात अन्नपाणी सोडून बसे, त्याला धरणे म्हणत. दारातल्या उपाशी माणसाचे पाप आपल्या माथी येईल, या भीतीने ऋणको पैसे काढी. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत दैवी कोपाचे भय घालणे हा गुन्हा ठरविताना, ५०८ व्या कलमाखाली धरण्याचेच उदाहरण दिले होते.

कर्जत हा भाताचा मुलूख. तेथील कोणाही दुकानदाराला ‘पाचावर धारण बसणे’ याचा प्रचलित खुलासा लगेच पटेल. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. पूर्वी तो रुपयास किती शेर असा सांगत. आकडा जितका लहान, तितकी महागाई मोठी. धारण पाच शेरांवर आली की घरात भीती शिरे. या म्हणीत कोणा राजाचे नाव नाही, सालही नाही. आपणही तेथे एखाद्या दुष्काळाचे साल घालू नये. ‘शितावरून भाताची परीक्षा’ हिला तर कथेचीही गरज नाही. ती रोजच्या चुलीवरच सिद्ध होते.

बहुतेक म्हणी अशाच शेतात, स्वयंपाकघरात आणि दुकानाच्या गादीवर जन्मल्या. राजवाड्यातील कथा त्यांना पुढे चिकटल्या. त्या कथा मुलांना जरूर सांगाव्यात, त्यांत भाषेची गोडी आहे. परंतु जेथे पुरावा नाही तेथे ‘असे घडले’ न म्हणता ‘असे सांगतात’ म्हणावे. वहीत उधारी आणि रोख वेगळी लिहिण्याची शिस्त ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्यांना हे जड जाणार नाही.