पौष पौर्णिमेची म्हसा यात्रा आणि ठाणे-कल्याणचा हिवाळा

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो आणि होळी झाली की घामाच्या धारा लागतात. मधल्या दिवाळी ते महाशिवरात्रीच्या काळात रात्री उशिरापर्यंत उघड्या मैदानात बसता येते. थंडी म्हणावी तर बेताचीच. पण भातकापणी, झोडणी उरकलेली असते, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आलेले असतात, चिखल वाळून माळ कोरडा झालेला असतो. या भागाच्या जत्रा याच दिवसांत भरतात, त्याचे कारण हे आहे. नोकरदारांच्या शहरांनी आपले महोत्सवही पुढे याच दिवसांत बसवले.

यातली सगळ्यात मोठी आणि लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या कित्येकांनी कधीच न पाहिलेली जत्रा म्हणजे म्हसा यात्रा. म्हसा हे मुरबाड तालुक्यातले, मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा सुरू होते. लोक त्याला म्हसोबाही म्हणतात. पुढचे दहा-पंधरा दिवस या गावात पाय ठेवायला जागा नसते. लग्नकार्याला पौष वर्ज्य मानतात, पण माघात घरात कार्य असेल तर त्याची खरेदी उरकायला ही जत्रा सोयीची. घोंगड्या, टोपल्या, सुपे, भांडीकुंडी, शेतीची अवजारे असे सारे एकाच फेरीत मिळते. बुरडाने विणलेले सूप हातात घेऊन, त्याची वीण बोटाने दाबून बघत घासाघीस करणाऱ्या बायका हे या बाजाराचे खरे चित्र आहे.

म्हशाचा बैलबाजार तर दूरवर नावाजलेला. ठाणे-रायगडच्या शेतकऱ्यांबरोबर घाटावरचे व्यापारीही येतात. दात बघायचे, खांदा चाचपायचा, बैल चार पावले चालवून बघायचा आणि मगच किमतीचे बोलणे काढायचे. नांगराला ट्रॅक्टर आले तसा बैल मागे पडला, हे खरे. पण बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये वैध ठरवला आणि शर्यतीच्या बैलाला पुन्हा मान आला. नवस फेडण्यासाठी पाठीत गळ टोचून घेण्याची प्रथाही या यात्रेशी जोडलेली आहे. ते बघताना अंगावर काटा येतो. भाविकांच्या श्रद्धेविषयी आदर ठेवूनही ही प्रथा थांबावी असेच मला वाटते. जत्रेचे मोठेपण तिच्यावर अवलंबून नाही.

म्हशाहून डोंबिवलीत यावे तर डिसेंबरात हभप सावळाराम महाराज क्रीडा संकुलात आगरी महोत्सव असतो. आगरी यूथ फोरम तो भरवते. खाडीकाठची मिठागरे आणि भातखाचरे कसणारा हा समाज. त्यांच्या शेतांवरच आजची डोंबिवली उभी आहे, हे इथे घर घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. महोत्सवात ते न सांगता कळते. तांदळाची भाकरी, चिंबोरीचे कालवण, सुक्या बोंबलाची चटणी आणि मिळालीच तर निवटी ही खाडीतली मासळी! ज्यांनी निवटी खाल्ली नाही त्यांना खाडी अर्धीच कळली, असे मी बेधडक म्हणेन. लग्नात धवलारीण जे धवले गाते, ते या समाजाचे मौखिक वाङ्मयच आहे. एका पिढीने ऐकून दुसरीला दिलेले ते धन आता नीट ध्वनिमुद्रित व्हायला हवे. याच आगरी यूथ फोरमने फेब्रुवारी २०१७मध्ये ९०व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद निभावले. अक्षयकुमार काळे अध्यक्ष होते. भूमिपुत्रांच्या संस्थेने सगळ्या मराठी सारस्वताला आपल्या घरी बोलावले, ही या शहराच्या इतिहासातली मोठी घटना आहे आणि तिची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

गाण्याच्या बाबतीत कल्याण आणि ठाणे यांचे नाते गुरुपरंपरेचे आहे. कल्याण गायन समाज या जुन्या संस्थेचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखले यांच्या नावाने होतो. ठाणे महापालिका संगीतभूषण पं. राम मराठे यांच्या स्मृतीचा महोत्सव भरवते. भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव, आणि राम मराठे त्यांच्याकडे शिकलेले. म्हणजे कल्याणात आजेगुरूंची आठवण आणि ठाण्यात नातशिष्याची. राम मराठ्यांच्या ‘मंदारमाला’ नाटकातली पदे ज्यांच्या कानात अजून घुमतात, त्यांनी दोन्ही गावांच्या मैफली एकाच हंगामात ऐकाव्यात. गाण्याखेरीज ठाण्यात जानेवारीत रामभाऊ म्हाळगी स्मृती व्याख्यानमाला असते आणि तिथले श्रोते वक्त्याइतकेच तयारीचे असतात.

माघात टिटवाळ्याच्या महागणपतीला गणेशजयंतीची गर्दी लोटते. माघी पौर्णिमेला मलंगगडाची यात्रा. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी हिवाळ्यात उतरतात, त्यांनाही या हंगामाच्या पाहुण्यांत धरायला हवे. खाडीचा तो भाग २०१५मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

हंगामाचा शेवट अंबरनाथला. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०मधले हे शिलाहारांचे शिवमंदिर. गाभारा सभामंडपाच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. महाशिवरात्रीला इथे दर्शनासाठी प्रचंड रांगा लागतात. त्या दिवशी शिल्पांकडे मान वर करून बघायला कुणालाच फुरसत नसते, म्हणून ज्यांना मंदिर बघायचे आहे त्यांनी आधीच्या एखाद्या साध्या दिवशी सकाळी जावे. बाहेरच्या भिंतींवरचे कोरीवकाम बघायला दोन तासही पुरत नाहीत.

मला काळजी वाटते ती मैदानांची. जत्रेला माळ लागतो, महोत्सवाला पटांगण लागते आणि या पट्ट्यात मोकळी जमीन वर्षागणिक आकसते आहे. महापालिकांनी जी मैदाने उरली आहेत ती हात न लावता राखावीत, एवढे तरी व्हायला हवे. वाचकांनीही कालनिर्णयात पौष पौर्णिमा कधी आहे ते आत्ताच पाहून ठेवावे. कल्याणहून मुरबाडला एसटी जाते, तिथून म्हसा जवळ आहे. जाताना मुलांना बरोबर न्या आणि सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे बैलबाजार नीट बघता येईल.